हरिश्चंद्राच्या फॅक्टरीतली सरस्वतीबाई

ओवे गावातून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतोय.

मागच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, वही मिटली आणि मग समाजमंदिरात भिंतीवर चादर लावून आम्ही एक सिनेमा पाहिला, 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'. नाव ऐकून एकजण म्हणाली, कंपनीतल्या कामगारांचा असेल. तसा नाही. दादासाहेब फाळक्यांनी आपल्या देशातला पहिला मोठा कथाचित्रपट, 'राजा हरिश्चंद्र', कसा केला त्याची ही गोष्ट आहे आणि ती पूर्ण हसवत सांगितली आहे. त्या काळी सिनेमात काम करणं लाजिरवाणं वाटायचं. म्हणून फाळके आपल्या माणसांना सांगायचे, कुणी विचारलं तर हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहोत असं सांगा.

आम्ही सगळ्यात जास्त हसलो ते बायकांच्या कामांवर. तारामती करायला एकही बाई तयार होईना. शेवटी एका उपाहारगृहात काम करणारे साळुंके तारामती झाले. मिशा काढायला पुरुष तयार नाहीत, लुगडं नेसून चालता येत नाही! आमच्यातली एक म्हणाली, ह्यांना आठवडाभर डोक्यावर हंडा द्यायला हवा होता, चाल आपोआप आली असती. त्याच वर्षी फाळक्यांच्या पुढच्या चित्रपटात मात्र दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला, दोघी पडद्यावर आल्या.

एक गोष्ट आपल्या भागातली. बाहेरचं चित्रण करायला ही मंडळी वांगणीला गेली होती. बदलापूर आणि नेरळच्या मधलं गाव, आपल्याला काही लांब नाही. सांगतात की फाळके मागून येणार होते आणि ही माणसं तलवारी-भाले घेऊन आधी पोचली. गावाला वाटलं दरोडेखोर आले. त्यांना धरून ठेवलं. फाळके आले, हे सगळं नाटक आहे हे समजावून सांगितलं, तेव्हा सुटका झाली. बिचाऱ्या वांगणीकरांचं तरी काय चुकलं?

पण हसता हसता आमचं लक्ष सरस्वतीबाईंकडे गेलं, म्हणजे फाळक्यांच्या बायकोकडे. सिनेमात विभावरी देशपांडे यांनी त्यांचं काम केलंय आणि नंदू माधव फाळके झालेत. विम्याची पॉलिसी गहाण ठेवून फाळके 1912 साली लंडनला गेले, कॅमेरा आणला. पुढे पैसा कमी पडला तेव्हा सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडले. तेव्हा कोरी फिल्म भोकं न पाडता यायची. अंधाऱ्या खोलीत बसून ती भोकं त्या पाडायच्या. फिल्म धुवायच्या, रसायनं कालवायच्या, उन्हात पांढरी चादर धरून उभ्या राहायच्या. आणि साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाकही त्याच करायच्या. 3 मे 1913 ला गिरगावात कोरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला, तो ह्या एवढ्या कष्टांवर.

ज्यांनी हा सिनेमा केला त्या परेश मोकाशींचीही तीच गत झाली. ते नाटकातले, हा त्यांचा पहिलाच चित्रपट. फाळक्यांचं चरित्र वाचून त्यांना हे सुचलं. निर्माता मिळेना, तेव्हा त्यांनी स्वतःचं घर गहाण ठेवलं. पुढे ह्या सिनेमाला 2008 चा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 2009 मध्ये भारताकडून ऑस्करला पाठवला गेला. 'श्वास' नंतर असा मान मिळालेला हा दुसराच मराठी चित्रपट. ऑस्कर मिळालं नाही. 2010 च्या जानेवारीत तो थिएटरला लागला आणि लोकांनी उचलून धरला.

सिनेमा संपल्यावर आमच्यात वाद झाला. कारण त्याच दिवशी गटात एक अर्ज आला होता, नवऱ्याच्या धंद्यासाठी कर्ज, आणि त्या बाईचे दागिने आधीच गहाण. काही जणी म्हणाल्या, बघा, सरस्वतीबाईंनी दिले म्हणून तर एवढं उभं राहिलं. दुसऱ्या म्हणाल्या, फाळक्यांचं चाललं म्हणून आज हसतोय आपण. ज्यांचं बुडालं त्यांच्यावर कोण सिनेमा काढतो? आवाज चढले. एक-दोघी तर निघूनच जाणार होत्या.

मग जिचा अर्ज होता तीच बोलली. "सरस्वतीबाईला पैसा कुठं जातोय ते दिसत होतं. तिच्याच हातानं भोकं पाडली जात होती. मी ह्यांचा गाळा अजून आतून पाहिलेला नाही."

अर्ज तिनं मागं घेतला नाही. पुढच्या बैठकीला नवऱ्याला नाही, त्याची हिशेबाची वही घेऊन येते म्हणाली. ती बैठक दहा तारखेला आहे. सिनेमाही पुन्हा लावणार आहोत, कारण त्या दिवशी निम्म्या जणी भाकरी टाकायची वेळ झाली म्हणून मधेच उठल्या होत्या.