किडनी दिली, मग तिची वही कोण ठेवणार?

(संगमनेर येथे महिला गटांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



किडनी बदलण्याची गोष्ट निघाली की सगळे ऑपरेशनबद्दलच बोलतात. पैसे कसे उभे केले, किती तास लागले, डॉक्टर कोण होते. आपल्या देशात पहिला प्रयत्न 1965 साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात झाला, आणि 1971 मध्ये वेल्लोरला तो यशस्वी झाला. तेव्हा आता ऑपरेशनचं नवल उरलेलं नाही. टाके निघाल्यावर जी वर्षं येतात, त्यांच्याबद्दल आज बोलू या.

आधी एक हिशेब सांगते. 1995 ते 2021 या काळात देशात 36,640 अवयव प्रत्यारोपणं नोंदली गेली, त्यांतली बरीचशी किडनीची. पुरुषांना मिळाले 29,695 आणि बायकांना 6,945. उलट जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत 2019 च्या आकड्यांप्रमाणे दर पाचांत चार बायका होत्या, बहुतेक आई नाहीतर बायको. म्हणजे एकाच घरात दोन माणसांची ऑपरेशनं होतात. एकाला सगळे ‘पेशंट’ म्हणतात. दुसरी महिन्याभरात चुलीपुढे असते.

ज्याला किडनी बसवली त्याच्याकडे लक्ष ठेवणं हे रोजचं काम आहे, आणि ते कोण करतं हे तुम्हाला सांगायला नको. एक साधी शंभर पानी वही घ्या. सकाळी वजन, ताप, बीपी आणि लघवी किती झाली, एवढं लिहा. डायलिसिससाठी ज्या हातावर फिस्टुला केला असेल त्या हातावर बीपी घेऊ नका. वजन दोन-तीन दिवसांत भराभर वाढलं, पायाला सूज आली, लघवी कमी झाली, ताप आला, किंवा बसवलेल्या किडनीच्या जागी दुखलं, तर दवाखान्याला लगेच कळवायचं. पण यातलं काहीही न होता शरीर नवी किडनी नाकारू लागलेलं असू शकतं. काही दुखत नाही आणि रक्तातलं क्रिएटिनिन तेवढं वाढतं. म्हणून ‘बरं वाटतंय, या महिन्याची तपासणी राहू दे’ हे ऐकून घ्यायचं नाही.

टॅक्रोलिमसची गोळी बहुतेकांना दर बारा तासांनी असते. तिचं रक्तातलं प्रमाण मोजायचं असेल तेव्हा सकाळची गोळी घेण्याआधी रक्त द्यावं लागतं. आपल्याकडे काय होतं? पहाटेची एस.टी. पकडून पुण्याला नाहीतर नाशिकला निघायचं, आणि सवयीने गोळी घरीच घेतली जाते. मग रिपोर्ट चुकीचा येतो, भाडंही वाया. गोळी पिशवीत ठेवा आणि रक्त दिल्यावर घ्या. जुलाब लागले तरी या औषधाचं प्रमाण वर-खाली होतं, तेव्हा डॉक्टरांना विचारा. पपनस खाऊ नये. कुणी सांगितलेला काढा, ‘किडनी साफ करणारी’ पावडर, काहीही मनाने सुरू करू नये. गोळ्या जन्मभराच्या आहेत, आणि पैसे कमी पडले की एक दिवसाआड घेणं सुरू होतं. बदललेली किडनी जाते ती कितीदा तरी अशीच.

आता ज्या बाईला किडनी मिळाली तिच्याबद्दल. डायलिसिसवर असताना अनेकींची पाळी बंद पडलेली असते. किडनी बसवल्यावर थोड्याच महिन्यांत ती परत येते, आणि दिवस राहू शकतात. हे तिला फार क्वचित कुणी सांगतं. मायकोफिनोलेट नावाची गोळी पोटातल्या बाळाला घातक असते. म्हणून गर्भनिरोधकाची चौकशी पहिल्याच भेटीत करायला हवी. मूल हवं असेल तर निदान एक वर्ष थांबायचं, किडनी स्थिर आहे ना ते पाहायचं, आणि डॉक्टर ती गोळी बदलून देतील तेव्हाच पुढे जायचं. सासूबाईंच्या ‘आता बरी झालीस ना’ला हे उत्तर आहे. प्रतिकारशक्ती दाबलेली असल्यामुळे गर्भाशयाच्या तोंडाची तपासणीही इतर बायकांपेक्षा जास्त वेळा लागते.

आणि जिने किडनी दिली ती? तिला बहुधा एक कागद देऊन घरी पाठवतात. एका किडनीवर माणूस नीट जगतो, हे खरंच आहे. पण दर वर्षी तिचं बीपी, लघवीतलं प्रथिन, क्रिएटिनिन आणि साखर तपासायलाच हवी. पुढे दिवस राहिले तर ‘मला एकच किडनी आहे’ हे पहिल्याच दिवशी सांगावं, कारण गरोदरपणात बीपी वाढण्याचा धोका तिला थोडा जास्त असतो. आपल्या गावात दिवसभर मांडी घालून विड्या वळणाऱ्या बायका आहेत. कंबर धरली की दुकानातून दुखीची गोळी आणतात. एकच किडनी असलेल्या बाईने ती मनाने घेऊ नये. उन्हात खुरपायला जाताना पाण्याची बाटली बरोबर हवी. लघवीला जायला जागा नाही म्हणून पाणी न पिणं हा आपला जुना आजार आहे, तिला तो परवडणारा नाही.

संमतीचंही सांगते. कायदा 1994 चा, 2011 मध्ये त्यात दुरुस्ती झाली. 2014 च्या नियमांत स्पष्ट लिहिलं आहे की देणारी बाई असेल तर जास्त काळजी घ्यावी, आणि तिची स्वतंत्र संमती ज्याला किडनी मिळणार आहे त्याच्याखेरीज दुसऱ्या कुणाकडून पडताळून घ्यावी. ‘नवऱ्याला नाही कसं म्हणणार’ असं म्हणणारी बाई समितीपुढे बसते तेव्हा नवरा खोलीबाहेर असावा, हे मागायला तिच्याबरोबर कुणी जायला हवं. आपल्या गटातली कुणी जाऊ शकते. आणि सही करण्याआधी तिने आणखी एक विचारावं: माझ्या दरवर्षीच्या तपासण्या कुठे होणार, पैसे कोण देणार? महात्मा फुले योजनेतली प्रत्यारोपणाची मर्यादा अडीच लाखांवरून साडेचार लाख करण्याचा निर्णय 2023 मध्ये झाला. पण ऑपरेशन एका दिवसाचं असतं, तपासणी दर वर्षाची.

आपल्या गटांतून बीपीचं एक मशीन आणि वजनकाटा घेता येईल का, ते आजच ठरवू या. ज्यांच्या घरी अशी दोन माणसं आहेत त्यांनी दोन वह्या घालाव्यात, त्याची वेगळी आणि तिची वेगळी. पाळीबद्दल किंवा मुलाबद्दल इथे सगळ्यांपुढे विचारायचं नसेल, तर चहाच्या वेळी मी मागच्या खोलीत बसले आहे.