टाकी केवढी, नळ केवढा: 'मारिओ'च्या डब्यापासून पीएस५ पर्यंत

(एपिसोडचा लेखी मजकूर. बोलताना झालेली थोडी पुनरुक्ती काढली आहे, बाकी जसंच्या तसं.)

भिंगारहून बोलतोय. मागून कुकरच्या शिट्ट्या आल्या तर सांभाळून घ्या, आज घरूनच रेकॉर्ड करतोय.

आजचा विषय माझ्या भाच्यानं दिला. बारावीला आहे. दोन सुट्ट्या एका मोबाईलच्या दुकानात टेम्पर्ड ग्लास बसवून त्यानं वीस हजार रुपये साठवले. मागच्या महिन्यात आला आणि म्हणाला, "मामा, सेकंडहँड पीएस४ घेऊ का अजून साठवून पीएस५ घेऊ? आई म्हणते, मामा हो म्हणाला तरच." आणि ताईचा मला वेगळा फोन. "तू हो म्हणू नको. पुढच्या वर्षी त्याला लॅपटॉप लागणारे."

म्हणजे मी मधोमध. मग मी काय केलं? माझ्यासारखा माणूस जे करतो तेच. वही घेतली आणि आकडे मांडले.

सुरुवात अगदी पहिल्यापासून करू. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी तो डबा पाहिला नसेल. नव्वदच्या दशकात आपल्याकडं 'टीव्ही व्हिडिओ गेम' मिळायचा. कुणाकडं लिटल मास्टर, कुणाकडं नाव नसलेलाच. आत मात्र एकच जीव: निंटेंडोचा फॅमिकॉम, जो जपानमध्ये १९८३ साली आला, त्याची नक्कल. पुढं पुढं तर अख्खं मशीन एका चिपमध्ये बसवलेलं असायचं, वरून डांबरासारखा काळा ठिपका. उघडून बघितलं की वाटायचं, फसवलं राव! आत काहीच नाही!

त्या 'काहीच नाही'चे आकडे ऐका. प्रोसेसर साधारण १.८ मेगाहर्ट्झ. मुख्य मेमरी २ केबी. जीबी नाही, एमबी नाही, केबी. 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा अख्खा गेम ४० केबीचा. तुम्ही सकाळी ग्रुपवर जो 'शुभ सकाळ'चा फोटो पाठवता ना, तो याहून मोठा असतो. मग एवढ्यात बसवलं कसं? मारिओमधला ढग आणि खालचं झुडूप नीट बघा. आकार एकच आहे, फक्त रंग बदललाय. जागा वाचवायची म्हणून केलेला जुगाड.

'कॉन्ट्रा' खेळताना गर्दी झाली की माणसं लुकलुकायची, आठवतंय? आम्हाला वाटायचं कॅसेट खराब आहे. कॅसेटचा दोष नव्हता. पडद्याच्या एका आडव्या रेषेत ते मशीन हलणारे आठच तुकडे दाखवू शकायचं. नववा आला की कुणीतरी एक गायब. म्हणून गेम बनवणारे त्यांना आळीपाळीनं दाखवायचे. एसटीत सीट कमी, तर आळीपाळीनं बसा, तसं.

आणि कॅसेटवर फुंकर मारायची ती? तिनं काही होत नव्हतं. कॅसेट काढून परत बसवली की पिना नीट टेकायच्या, म्हणून चालायची. फुंकरीतल्या ओलाव्यानं उलट पिना गंजायच्या.

बदकं मारायची बंदूक आजच्या एलईडी टीव्हीवर चालत नाही, त्याचंही कारण सांगतो. बंदुकीतून काही सुटत नव्हतं. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा व्हायचा आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटायचा. बंदूक तो उजेड बघायची. जुन्या डबा टीव्हीवर चित्र त्याच क्षणी उमटतं. नवा टीव्ही थोडा थांबून दाखवतो. तोपर्यंत बंदुकीची वेळ संपलेली असते.

आता वहीतली शिडी. फक्त मुख्य मेमरी बघू.

१९८३, फॅमिकॉम: २ केबी.
१९९४, पहिलं प्लेस्टेशन: २ एमबी. म्हणजे १,०२४ पट!
२०००, पीएस२: ३२ एमबी. १६ पट.
२००६, पीएस३: दोन हिस्से मिळून ५१२ एमबी. परत १६ पट.
२०१३, पीएस४: ८ जीबी. परत १६ पट.
२०२०, पीएस५: १६ जीबी. किती पट? दोन.

हजार, सोळा, सोळा, सोळा, आणि दोन. मी पेन खाली ठेवला. म्हटलं, उत्तर मिळालं. शिडीच्या पायऱ्या बुटक्या झाल्यात, पीएस४ घे, विषय संपला.

पण नाही. एकाच आकड्यावर निकाल दिला की माणूस फसतो.

आपल्याकडं पाण्याची टाकी असते ना गच्चीवर? टाकी हजार लिटरची आहे, पण नळ बारीक आहे, तर बादली भरायला वेळ लागणारच. मेमरी म्हणजे टाकी. डेटा किती वेगानं येतो, तो नळ. पीएस४ च्या हार्ड डिस्कमधून सेकंदाला साधारण ५० ते १०० एमबी येतात. पीएस५ च्या एसएसडीमधून साडेपाच जीबी. म्हणजे टाकी दुप्पटच झाली, पण नळ पन्नास पटीहून मोठा झाला. म्हणून पीएस४ वर लोडिंगचा पट्टा सरकेपर्यंत चहा होतो आणि पीएस५ वर कप उचलायलाही वेळ मिळत नाही.

हेच तुमच्या फोनला लावा. "माझ्या फोनला पण ८ जीबी रॅम आहे, म्हणजे फोन आणि पीएस४ सारखेच ना?" हा प्रश्न मला दर आठवड्याला येतो. टाकी सारखी, हो. पण पीएस४ ची मेमरी सेकंदाला १७६ जीबी देते-घेते. मध्यम किमतीच्या बऱ्याच फोनमध्ये हा आकडा ३५ च्या आतच असतो. शिवाय फोनला पंखा नाही. अर्धा तास खेळलं की मागची बाजू तव्यासारखी तापते, मग फोन स्वतःच वेग कमी करतो. कन्सोलचा निम्मा डबा म्हणजे पंखा आणि उष्णता बाहेर टाकायची सोय.

ही उष्णता साधी गोष्ट नाही. एक्सबॉक्स ३६० कागदावर जबरदस्त मशीन होतं. पण मशीनं बंद पडायला लागली, समोर तीन लाल दिवे. २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टला वॉरंटी तीन वर्षांवर न्यावी लागली आणि त्यासाठी एक अब्ज डॉलरहून जास्त रक्कम बाजूला काढावी लागली. आकडे चिपचे असतात, पण मशीन टिकतं ते थंड राहिलं तर. आपल्या नगरच्या मे महिन्यात आणि धुळीत तर विचारूच नका.

आता आकडे आणि निकाल यांच्यातला फरक बघायचा असेल तर आपल्याला लांब जायला नको. फराहबागेजवळचं रणगाडा संग्रहालय. भिंगारच्या पोरांची सहल एकदा तरी तिथं गेलेलीच असते. तिथं पॅटन उभा आहे. सप्टेंबर १९६५, असल उत्तरची लढाई. पाकिस्तानकडं पॅटन, आपल्याकडचा सेंच्युरियन त्याच्याहून जुन्या पिढीचा, आणि शेरमन तर त्याहून जुना. कागदावर कोण जिंकणार? पण ओलावून ठेवलेल्या जमिनीत पॅटन रुतले, उभ्या उसातून मारा झाला, आणि पिढीनं नवे असलेले रणगाडे तिथंच राहिले. मशीन कुठल्या जमिनीवर चालणार आहे, हे आधी विचारायचं.

कन्सोलमध्येही तेच. पीएस२ च्या काळात मायक्रोसॉफ्टचं पहिलं एक्सबॉक्स ताकदीनं वरचढ होतं. मेमरी दुप्पट, ६४ एमबी. पण खपलं काय? पीएस२, पंधरा कोटींहून जास्त. त्यावर गेम होते, आणि वर घरातला डीव्हीडी प्लेअरही तोच. आणि आपल्या पुण्याचंच बघा. नॉडिंग हेड्स गेम्सनं बनवलेला 'राजी' २०२० साली आधी निंटेंडो स्विचवर आला, पीएस४ वर नंतर. स्विचची मेमरी ४ जीबी, पीएस४ च्या निम्मी. तरी चालला, गाजला.

मग भिंगारची जमीन कुठली? मी भाच्याला चार प्रश्न दिले. म्हटलं, उत्तरं कागदावर लिहून आण, तोंडी नको.

एक. इंटरनेट कुठलं? कारण आजचा मोठा गेम १०० जीबीचा असू शकतो. रोज २ जीबीच्या पॅकवर हॉटस्पॉट लावून तो उतरवायचा म्हटलं तर ५० दिवस. तेही फोन बिलकुल न वापरता.

दोन. डिस्क लागणारं मशीन की बिनडिस्कचं? डिस्क असेल तर गेम खेळून झाला की विकता येतो, मित्राला देता येतो. डाउनलोड केलेला देता येत नाही. कमी पैशात खेळणाऱ्यासाठी हा फरक टेराफ्लॉपपेक्षा मोठा आहे.

तीन. तुला कुठले गेम खेळायचेत, पाच नावं लिही. ते पीएस४ वर येतात का? नवीन काही गेम आता फक्त पीएस५ वरच येतात, तेव्हा नाव बघूनच ठरव.

चार. कोण येणार खेळायला?

चौथा प्रश्न मी असाच टाकला होता. खरं सांगतो, जागा भरायला.

रविवारी तो कागद घेऊन आला. पहिल्याला लिहिलेलं, शेजारच्या काकांकडं वायफाय आहे, महिन्याला शंभर देतो म्हटलोय. दुसऱ्याला, डिस्कवालं. तिसऱ्याला पाच नावं, पाचही पीएस४ वर येणारी. चौथ्याला मित्राचं नाव आणि पुढं कंसात: एप्रिलपर्यंत.

म्हटलं, एप्रिलपर्यंत म्हणजे?

"त्याच्या पप्पांची बदली झाली मामा. जोधपूरला."

भिंगारमध्ये राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला लागत नाही. कॅन्टोन्मेंटच्या शेजारी वाढलं की निम्मे मित्र असे असतात. दोन-तीन वर्षं एका बाकावर, मग एक दिवस लोखंडी पेट्यांवर पांढऱ्या रंगात नाव आणि नवीन गावाचा पत्ता.

माझ्याकडं लहानपणी व्हिडिओ गेम नव्हताच. तो डबा माझ्या मित्राचा होता, त्याचे वडील फौजेत. आम्ही दोघं 'बॅटल सिटी' खेळायचो. तोच, विटा फोडत जाणारा छोटा रणगाडा, मधे आपला गरुड. रस्त्यानं खरे रणगाडे ट्रेलरवरून जायचे आणि आम्ही आत पडद्यावरचे चालवायचो. १९९८ ला त्यांची बदली झाली. जाताना त्यानं मला ती कॅसेट दिली. मशीन नाही, फक्त कॅसेट. माझ्याकडं घालायला काही नाही हे त्याला माहीत होतं. तरी दिली. माळ्यावर अजून आहे.

त्या रात्री मी वही परत उघडली आणि एक रकाना वाढवला. डब्यात रिमोट किती? फॅमिकॉमला दोन, मशीनलाच जोडलेले. म्हणजे बनवणाऱ्यानं गृहीतच धरलं होतं की शेजारी कुणीतरी बसलेलं असणार. पीएस१ पासून पीएस५ पर्यंत, डब्यात एक. दुसरा वेगळा विकत घ्यायचा. चाळीस वर्षांत वाढलेल्या सगळ्या आकड्यांत हा एक आकडा कमी झालाय, आणि मी तो मोजलाच नव्हता.

मग आम्ही मशीन बघायला गेलो. पहिलं सुरू केलं तर पंखा मिक्सरसारखा ओरडला. हात जोडून परत आलो. दुसरं मिळालं, पीएस४ स्लिम, दोन रिमोट, चौदा हजार. तुम्ही जुनं घेणार असाल तर हे लक्षात ठेवा: किमान अर्धा तास चालवून बघा, डिस्क घालून आणि काढून बघा, दोन्ही रिमोटच्या काड्या सोडल्यावर आपोआप सरकत नाहीत ना ते बघा, आणि आधीच्या मालकाचं खातं समोर काढून टाकायला लावा. नंतर कधी पैसे आले तर हार्ड डिस्क काढून साधी अडीच इंची एसएसडी घरीच बसवता येते. पीएस५ एवढा वेग येत नाही, पण चहाचा वेळ कमी होतो.

राहिलेले सहा हजार ताईकडं लॅपटॉपसाठी जमा. ती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. तिचंही चूक नाही. जूनमध्ये लॅपटॉपला पैसे कमी पडतील तेव्हा ती मलाच फोन करणार, आणि मला उचलावा लागणार.

सध्या रोज संध्याकाळी ती दोन पोरं आमच्या हॉलमध्ये असतात, कारण ताईनं टीव्ही द्यायला नकार दिलाय. आरडाओरडा, भांडणं, एकमेकांचा रिमोट ओढणं. एपिसोड रेकॉर्ड करायला मला स्वयंपाकघराशेजारी बसावं लागलं ते त्यामुळंच.

तुम्ही कन्सोल घेणार असाल तर आकडे नक्की बघा. टाकी बघा, नळ बघा, पंखा बघा. आणि कागदावर चौथा प्रश्नही लिहा. उत्तर आलं तर मला पाठवा, पुढच्या भागात वाचेन.

चला, मला बोलावतायत. तिसरा भिडू पाहिजे म्हणे. भेटू पुढच्या रविवारी.