एकदाच रंगलेला थरार

जेम्स बाँड पडद्यावर प्रथम अवतरला तो सिनेमात नव्हे, टीव्हीवर. २१ ऑक्टोबर १९५४ रोजी अमेरिकेतील सीबीएस वाहिनीच्या ‘क्लायमॅक्स!’ मालिकेत ‘कॅसिनो रॉयल’ सादर झाले. बॅरी नेल्सन बाँड, तर पीटर लॉरे खलनायक. प्रत्येक भागात नवी कथा, नवी पात्रे आणि प्रक्षेपण थेट. नाटकाच्या प्रयोगासारखेच; संवाद विसरला तर लाखोंसमोर सावरून घ्यायचे. मात्र नाटकाचा उद्या पुन्हा प्रयोग असतो, इथे तोही नाही. व्हिडिओ टेप १९५६ मध्ये आली. तोवर टीव्हीच्या पडद्यासमोर फिल्म कॅमेरा लावून चित्रण करत. अशा अनेक प्रती पुढे नष्ट झाल्या. बाँडची प्रत १९८१ मध्ये सापडली, म्हणून तो थरार उरला. बाकीचे कित्येक प्रेक्षकांच्या आठवणींबरोबरच संपले.