देणारा हात आणि न ऐकणारे कान

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या सगळ्या गटांच्या ताया, काकू, मावश्या आणि शेजारी बसून ऐकणाऱ्या आज्यांनाही नमस्कार.

दर वेळी आपण कर्ज, हप्ता, शेळ्या, शिलाई यांवर बोलतो. आज राजांवर बोलू. तुम्ही म्हणाल, राजाचं आणि आपलं काय नातं? नातं आहे. गटाची अध्यक्ष असो, ग्रामसंघाची सचिव असो की घरातली कर्ती बाई, दहाजणींचा पैसा आणि दहाजणींचा विश्वास जिच्या हातात असतो, तिच्या मनात कधी ना कधी एक विचार येतोच. माझ्या हातून एवढं चांगलं होतंय, मग मला कोणी विचारायचं कशाला? हाच विचार राजाच्याही मनात येतो.

पहिला राजा फार जुना आणि फार दूरचा. इस्राएल लोकांचा राजा शलमोन. आपल्या मुसलमान भगिनी हजरत सुलेमान यांना पैगंबर मानतात, त्यांचा मान मोठा आहे. मी सांगते ती गोष्ट बायबलमध्ये आहे तशी सांगते. शलमोन गादीवर बसला तेव्हा देवानं त्याला विचारलं, काय देऊ? त्यानं धन मागितलं नाही, शत्रूचा जीव मागितला नाही. लोकांचं ऐकून न्याय करता येईल असं मन मागितलं. मग ती दोन बाया आणि एका बाळाची गोष्ट घडली. दोघी म्हणतात बाळ माझं. राजा म्हणतो, तलवार आणा, अर्धं अर्धं करा. खरी आई ओरडली, नको, तिलाच द्या, पण बाळ जगू द्या. राजानं आई ओळखली.

हाच राजा पुढं बदलत गेला. यरुशलेमचं मंदिर त्यानं सात वर्षांत बांधलं आणि स्वतःचा वाडा बांधायला तेरा वर्षं लावली. त्यासाठी लोकांना वेठीला धरलं. तो गेल्यावर लोक त्याच्या मुलाकडं गेले, रहबामाकडं. म्हणाले, तुझ्या बापानं आमच्या मानेवर जड जू ठेवलं, ते थोडं हलकं कर. म्हातारी माणसं रहबामाला म्हणाली, ऐक लोकांचं. त्याच्याबरोबर वाढलेले तरुण दोस्त म्हणाले, आणखी दरडाव. त्यानं दोस्तांचं ऐकलं. राज्याचे दोन तुकडे झाले. ज्या घराण्याच्या राजानं ऐकणारं मन मागितलं होतं, त्याच घराण्याचं राज्य न ऐकल्यामुळं फुटलं.

आता दुसरा राजा. तो दूरचा नाही. तुमच्या आजीच्या, पणजीच्या तोंडून त्याचं नाव तुम्ही ऐकलेलं आहे. हैदराबादचा शेवटचा निजाम, मीर उस्मान अली खान. १९११ ला गादीवर आला आणि १९४८ पर्यंत त्यानं राज्य केलं. तेव्हा नांदेड जिल्हा त्याच्या राज्यात होता. लातूर हे उस्मानाबाद जिल्ह्यातलं गाव होतं, आणि उदगीर, अहमदपूर बीदर जिल्ह्यात होते. सतरा सप्टेंबरला आपण शाळेत, पंचायतीत झेंडा लावतो तो त्याच्या राजवटीतून सुटल्याचा.

त्या दिवशी भाषणात निजाम फक्त वाईट असतो. त्याच्या हातून चांगलं काय झालं तेही आपण आधी नीट मांडू, कारण हिशेब पुरा लिहायचा असतो. १९१८ मध्ये त्यानं उस्मानिया विद्यापीठ सुरू केलं. हैदराबादचा मोठा उस्मानिया दवाखाना त्याच्याच काळातला. आपल्या लातूर जिल्ह्यातून वाहत जाणारी मांजरा पुढं तेलंगणात जाते, तिथं तिच्यावर निजामसागर धरण आहे. ते १९३१ ला पुरं झालं आणि त्यावर शेतं भिजली. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताची शुद्ध प्रत तयार करण्याचं मोठं काम चाललं होतं. मुसलमान राजा, पण त्या कामालाही त्यानं देणगी दिली. आणि एक तर आपल्या अगदी ओळखीची गोष्ट. तुमच्यापैकी पुष्कळ गटांचं पहिलं पासबुक ज्या बँकेचं होतं ती स्टेट बँक ऑफ हैदराबाद, आपल्या तोंडातली 'हैदराबाद बँक', १९४१ मध्ये त्याच्याच राज्यात सुरू झाली. २०१७ ला ती मोठ्या स्टेट बँकेत मिसळली.

हा झाला देणारा हात. आता त्याच माणसाचं दुसरं अंग.

१९३७ साली अमेरिकेतल्या 'टाइम' मासिकानं जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून त्याचं चित्र मुखपृष्ठावर छापलं. राज्यातल्या काही जमिनींना 'सर्फ-ए-खास' म्हणत. त्यांचा महसूल सरकारी खजिन्यात नाही, थेट राजाच्या खाजगी तिजोरीत जायचा. भेटायला जाणाऱ्यानं नजराणा ठेवायची रीत होती. एवढं असून कपडे साधे, टोपी जुनी, खर्चाला हात आखडता. साधेपणा गुण आहे, पण तिजोरीत काय पडलंय हे कोणी विचारू शकत नसेल, तर त्या साधेपणाचा रयतेला काय उपयोग?

रयत तेलुगू, मराठी, कानडी बोलायची आणि दरबार, कचेरी, विद्यापीठ उर्दूतून चालायचं. सभा घ्यायची तर सरकारची परवानगी. १९३८ मध्ये स्टेट काँग्रेस नीट उभी राहण्याआधीच तिच्यावर बंदी आली. स्वामी रामानंद तीर्थ शिक्षक होते. हिप्परग्याला आणि आंबेजोगाईला त्यांनी शाळा चालवल्या, मग लोकांना बोलतं करायला निघाले आणि तुरुंगात गेले. नांदेडच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे ते त्यासाठी. राजा विद्यापीठ देत होता, पण शिकलेला माणूस तोंड उघडून विचारायला लागला की दार बंद करत होता.

मग १९४७ आलं. देश स्वतंत्र झाला, निजाम सामील होईना. ऑक्टोबरात भारत सरकारशी करार करायचं ठरलं. त्याच्या मंडळानं कौल दिला, मसुदा तयार झाला. निजाम म्हणाला, सही करतो, पण उद्या. मग आणखी एक उद्या. तेवढ्यात २७ ऑक्टोबरच्या पहाटे रझाकारांच्या जमावानं दिल्लीला निघालेल्या शिष्टमंडळाच्या घरांना वेढा घातला. सही राहिली, जुनी माणसं बाजूला झाली. महिन्याभरानं, २९ नोव्हेंबरला, जवळपास त्याच करारावर सही झाली. पण त्या महिन्यात राजाला भिववता येतं हे सगळ्यांना कळून चुकलं होतं.

भिववणारा माणूस आपल्या भागातलाच. रझाकारांचा पुढारी कासीम रझवी हा लातूरला वकिली करायचा. पुढं काय झालं ते घराघरात माहीत आहे. गावं जळाली, माणसं मारली गेली. नांदेडकडची कुटुंबं लेकरं कडेवर घेऊन पैनगंगा ओलांडून उमरखेडकडं गेली, उस्मानाबादकडची बार्शी-सोलापूरकडं. आणि हे हिंदू-मुसलमानांचंच भांडण होतं असं कोणी सांगितलं तर शोएबुल्ला खान यांचं नाव सांगा. 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे ते संपादक होते. हैदराबादनं भारतात सामील व्हावं असं लिहायचे. ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांचा रस्त्यात खून झाला. राजाच्या कानावर जे जायला हवं होतं ते लिहिणारा एक तरुण मुसलमान संपादक आपल्या जिवाला मुकला.

१३ सप्टेंबरला भारताचं सैन्य आलं. म्हातारी माणसं त्याला 'पोलीस ॲक्शन' म्हणतात. पाच दिवसांत, १७ तारखेला, सगळं संपलं. त्यानंतर २३ सप्टेंबरला निजाम रेडिओवर बोलला. आपण आज बोलतोय तसंच, रेडिओवर. त्याच्या बोलण्याचा अर्थ असा होता, की एका छोट्या टोळीनं सत्ता बळकावली होती आणि मी लाचार झालो होतो.

मैत्रिणींनो, इथं थोडं थांबू. तो अगदीच खोटं बोलत होता असं मला म्हणायचं नाही. तो भ्याला असेल. पण सदतीस वर्षं सगळ्या सह्या, सगळे हुकूम, सगळा मान त्याच्या नावानं चालला. मान घेताना मी आणि झळ लागली की ते, असं कसं चालेल?

आणि झळ राजाला लागलीच नाही. तो पुढं राजप्रमुख झाला, १९६७ पर्यंत जगला. झळ लागली रयतेला, आधी एका बाजूच्या आणि मग दुसऱ्या. पोलीस ॲक्शननंतर गावोगावच्या मुसलमानांवर सूड उगवला गेला. ज्यांचा रझाकारांशी काडीचा संबंध नव्हता त्यांच्यावरही. पंडित सुंदरलाल यांच्या समितीनं हे सगळं फिरून पाहिलं. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड हे चार जिल्हे सर्वांत जास्त होरपळले असं त्यांच्या अहवालात आहे. म्हणजे आपलेच जिल्हे. सतरा सप्टेंबरच्या भाषणात हे येत नाही. पण गटात रुक्मिणबाई आणि रझियाबी एका सतरंजीवर बसतात, तेव्हा दोघींच्या आज्यांचं दुःख त्या सतरंजीवर मावलं पाहिजे.

मग यातून आपण काय घ्यायचं? मी तीन गोष्टी सांगते.

पहिली. प्रत्येक गटात एक ताई असते. तिनं गट उभा केला. रात्री-अपरात्री बाळंतिणीला दवाखान्यात नेलं, बँकेत साहेबाशी भांडली. तीच ताई एक दिवस गटाला न विचारता आपल्या जावेला दुसरं कर्ज देते, आणि वही तिच्याच घरी राहते. बाकीच्या म्हणतात, तिनं आपल्यासाठी इतकं केलं, आता कोणत्या तोंडानं विचारायचं? अहो, आपल्या वहीत बचतीचं पान वेगळं आणि कर्जाचं पान वेगळं. एखादीची बचत नियमित आहे म्हणून तिचं थकलेलं कर्ज फिटलं असं आपण लिहितो का? तसंच माणसाचं आहे. उपकाराच्या पानानं चुकीचं पान फाटत नाही. आणि उलटंही खरं. चूक सापडली म्हणून तिचं आधीचं सगळं ढोंग होतं असं म्हणू नका. निजामसागराचं पाणी आजही पाणीच आहे. दोन्ही पानं ठेवा, दोन्ही वाचा.

दुसरी. "मी लाचार होते" हे वाक्य आपल्याकडं वेगळ्या शब्दांत येतं. अध्यक्षबाई म्हणाल्या म्हणून सही केली. मालकांनी सांगितलं म्हणून अंगठा दिला. कोऱ्या चेकवर, कोऱ्या ठरावावर सही मागणारा कितीही जवळचा असो, नाही म्हणा. दोन सह्या लागतात त्या एकीनं दुसरीला अडवावं म्हणूनच. आणि अडचण असेल तर ती आधीच्या बैठकीत सांगा. गाव जळाल्यावर सांगितलेली लाचारी कोणाच्या उपयोगाची नसते.

तिसरी. शलमोनानं ऐकणारं मन मागितलं होतं आणि ते त्याला मिळालंही होतं, तरी टिकलं नाही. म्हणून चांगली बाई निवडली की काम झालं असं समजू नका. माणूस बदलतो, मान मिळाला की लवकर बदलतो. ऐकायची सवय रीतीत बांधून ठेवावी लागते. आठवड्याची बैठक चुकवायची नाही. वही मोठ्यानं वाचायची, म्हणजे जिला अक्षर येत नाही तिलाही प्रश्न विचारता येतो. पेटी एकीकडं, किल्ली दुसरीकडं. पदाधिकारी ठरलेल्या मुदतीनं बदलायचे, चांगलं चाललेलं असलं तरी. पद सोडणाऱ्या बाईला ओटी भरून निरोप द्या. पद गेलं म्हणजे मान गेला असं तिला वाटू देऊ नका.

कोणी म्हणेल, इतका संशय घेतला तर प्रेम कसं राहील? हिशेब विचारणं म्हणजे संशय नव्हे. उलट ज्या बाईला दर आठवड्याला विचारलं जातं, तिच्यावर पाठीमागं कुजबुज होत नाही. विचारणं बंद झालं की कुजबुज सुरू होते, आणि गट कुजबुजीनं फुटतो, प्रश्नानं नाही.

तेव्हा येत्या बैठकीत एक करा. आपल्या अध्यक्षबाईंचं एक चांगलं काम सगळ्यांनी नाव घेऊन सांगा, आणि लगेच त्यांना एक प्रश्न विचारा. कोणताही, पण खरा. उत्तर शांतपणे आलं तर टाळ्या वाजवा. राग आला तर घाबरू नका, पुढच्या आठवड्यात तोच प्रश्न पुन्हा विचारा. आणि तुमच्यापैकी ज्या अध्यक्ष आहेत त्यांनी कोणी विचारायची वाटच पाहू नका. वही उघडा आणि म्हणा, "विचारा गं बायांनो."