घरी राहून व्यसनमुक्ती
(विंचूर येथे मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



विवाह, शिष्यवृत्त्या आणि वसतिगृह हे आपल्या मेळाव्याचे नेहमीचे विषय. आज आम्ही ज्या विषयास हात घालीत आहोत, तो अनेक घरांत नांदतो; व्यासपीठावर मात्र येत नाही. दारूचे व्यसन आणि त्यावरील उपचार हा तो विषय होय.

आपले विंचूर द्राक्षांच्या मुलखातील गाव. शासनाने २००१ साली द्राक्षप्रक्रियेचे धोरण आखले आणि पुढे येथील औद्योगिक क्षेत्रात वाइनचे कारखाने उभे राहिले. द्राक्षावर कित्येकांच्या चुली पेटतात; तेव्हा द्राक्षास वा कारखान्यास दोष देण्याचा आमचा हेतू नाही. ज्या घरात दारूने ठाण मांडले आहे त्या घराने काय करावे, एवढाच प्रश्न आहे.

अशा घराची पहिली धाव लपविण्याकडे असते. मुलीचे लग्न व्हावयाचे असते. सोयरीक मोडेल या भयाने पत्नी झाकते आणि भाऊ उसनवारी फेडतो. उपचार म्हटला की मनुष्यास महिना-महिना परगावी ठेवावे लागणार, ऐन छाटणीत वा उन्हाळ कांद्याच्या काढणीत कर्ता पुरुष घरी नसणार आणि गावभर बोभाटा होणार, अशी समजूत असते. ही समजूत बऱ्याच अंशी चुकीची आहे. पुष्कळांचा उपचार घरी राहून, आपला कामधंदा सांभाळून आणि ठरलेल्या दिवशी दवाखान्यात जाऊन होऊ शकतो. यासच बाह्यरुग्ण उपचार म्हणतात.

याचा दाखला शेजारच्या गोव्यातच आहे. ‘संगथ’ या संस्थेने तेथील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत ३७७ पुरुषांवर एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. हे पुरुष अपायकारक प्रमाणात पिणारे होते. परंतु व्यसनाच्या अगदी टोकास गेलेले नव्हते. सुमारे निम्म्यांस केंद्रातील नेहमीची सेवा दिली, तर उरलेल्यांस त्याखेरीज समुपदेशनही दिले. समुपदेशक डॉक्टर नव्हते. या कामापुरते शिक्षण दिलेली ती सामान्य माणसे होती. भेटी फार तर चार. तीन महिन्यांनी पाहता, मागील पंधरवड्यात दारूस न शिवलेले पुरुष समुपदेशन मिळालेल्यांत शेकडा ४२ आढळले आणि इतरांत शेकडा १८. चार भेटींत हा फरक पडतो, तर पाच-सात वर्षे लपविण्यात दवडणे केवढे महागात पडते, याचा विचार आपणच करावा.

मात्र सर्वांस एकच मात्रा लागू नाही. सकाळी उठताच ज्याचे हात कापतात आणि घोट घेतल्यावाचून जे थांबत नाहीत, त्याचे शरीरच दारूवर अवलंबून राहिलेले असते. अशास शपथ घालून वा खोलीत कोंडून दारू एकाएकी तोडू नये. पहिल्या दोन-चार दिवसांत त्यास झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, प्रसंगी प्राणही जाऊ शकतो. त्यास आधी डॉक्टरांस दाखवावे. काहींस त्या दिवसांपुरते रुग्णालयात ठेवावे लागते. काहींचे औषध, ब-१ जीवनसत्त्वासह, देखरेखीखाली घरीच चालते.

पुढे ओढ कमी करणारी औषधेही आहेत. डायसल्फिराम ही गोळी घेतलेल्याने दारू प्याल्यास त्याचा जीव कासावीस होतो. डेन्मार्कमधील संशोधकांनी १९४८ साली तिचा हा उपयोग पुढे आणला. ही गोळी चहात वा भाजीत चोरून कालवून देण्याचा सल्ला पुष्कळ ठिकाणी ऐकू येतो. तो कदापि ऐकू नये. नकळत वर दारू घेतल्यास जिवावर बेतते, आणि ज्या विश्वासावर उपचार उभा राहावयाचा तोही नाहीसा होतो.

दारू सुटली म्हणजे काम संपले, असेही नाही. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात ‘मुक्तांगण’ सुरू केले. तेथे रुग्णास मुक्कामास ठेवतात. तरीही घरी परतल्यानंतरच्या पाठपुराव्यास तेथे मोठे महत्त्व आहे. मध्येच पाय घसरला तर सारे व्यर्थ गेले असे मानू नये. दुसऱ्याच दिवशी पुन्हा दवाखान्याची पायरी चढावी. मधुमेहाच्या रोग्याची साखर वाढली म्हणून आपण त्यास घराबाहेर काढीत नाही.

आता ज्ञातीच्या कर्तव्याविषयी. घरच्यांनी जिल्हा रुग्णालयात किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्यास संकोच करू नये. समारंभात नको म्हणणाऱ्याच्या हाती आग्रहाने पेला देऊ नये. आणि सोयरीक जुळविताना आपण एक प्रश्न स्वतःस विचारावा. गुपचूप पिणाऱ्याच्या घरची सोयरीक आपण सन्मानाने स्वीकारतो आणि उघडपणे औषध घेणाऱ्याच्या घरची नाकारतो, हा कोणता न्याय? ज्या दिवशी हा न्याय उलटेल, त्या दिवशी लपविण्याचे कारणच उरणार नाही. ते आपल्या हाती आहे, डॉक्टरांच्या नव्हे.