नव्या विहिरीचा सुरुंग आणि मातीतला चुना



उन्हाळा लागला की वैजापूरपासून सिल्लोडपर्यंत विहिरींचे सुरुंग ऐकू येतात. खाली काळा पाषाण, तेव्हा सुरुंगावाचून इलाज नाही. पण उडालेल्या सुरुंगातले थोडे न जळलेले द्रव्य दगड-मुरुमात राहते. त्या मातीला चुना द्यावा का, असे कुणी विचारील.

चुन्याची गोष्ट खरी आहे, पण ती आपल्या शेताची नव्हे. तोफगोळ्यांतले टीएनटी मातीत सांडले, तर कळीचा चुना मिसळून सामू १२ च्या आसपास नेतात. मग त्याचे विघटन होते. पण अशा मातीत पीक तगत नाही, आणि आपली जमीन तर मुळातच चुनखडीची.

आपण अजून ‘जिलेटिन’ म्हणतो खरे, पण नायट्रोग्लिसरीनच्या जुन्या कांड्या २००४ साली बंद झाल्या. आता विहिरीच्या सुरुंगात मुख्य असते ते अमोनियम नायट्रेट. त्यावर चुना टाकाल तर नाकाला झोंबणारा अमोनिया निघेल आणि नायट्रेट तिथेच राहील. मातीचे कण नायट्रेटला धरून ठेवत नाहीत. पहिल्या पावसात ते ढिगाऱ्यातून झिरपून पुन्हा विहिरीत उतरते. म्हणून ढिगारा विहिरीच्या काठावर ठेवू नका, उताराच्या खालच्या अंगाला न्या. त्यातली माती शेतात घ्यायचीच तर भुसा, तुरकाट्यांचा चुरा मिसळून ओलसर कुजू द्या. कुजवणारे जिवाणू नायट्रेट खाऊन टाकतात.

पहिले पाणी उपसून पिकाला द्या. लिटरला ९० मिलीग्राम नायट्रेट असेल, तर एकरी एक इंच पाण्यातून सुमारे २ किलो नत्र मिळते; युरिया तेवढा कमी टाका. मात्र त्या पाण्यावरची कोवळी ज्वारी जनावरांना घालू नका.

पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरला ४५ मिलीग्राम. तपासणी होईपर्यंत हे पाणी तान्ह्या बाळाच्या दुधात मुळीच घालू नये. बाळ निळे पडते. उकळल्याने नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटून वाढते. तुरटीचाही उपयोग नाही.

सांडलेल्या पांढऱ्या दाण्यांजवळ गुरे जाऊ देऊ नका. उरलेले पोते खत म्हणून ठेवून घेऊ नका. २०१२ च्या नियमांनी त्याला परवाना लागतो. न उडालेला सुरुंग दिसला तर पहारीने उकरू नका, परवानाधारक सुरुंगवाल्यालाच बोलवा.

पाण्याचा नमुना स्वच्छ बाटलीत, त्याच पाण्याने दोनदा विसळून भरा आणि त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवा.