वेबपृष्ठावरील घटकांचे प्रकार आणि त्यांची मांडणी

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी दिलेले व्याख्यान)



आपल्या शाळांतून सूचना, स्वाध्याय आणि विद्यार्थ्यांचे लेखन वेबपृष्ठावर प्रसिद्ध करण्याचा प्रघात हल्ली पडू लागला आहे. ही गोष्ट स्वागतार्ह आहे. परंतु पान डोळ्यांना बरे दिसले म्हणजे आपले काम संपले, असा एक समजही तिच्याबरोबर रुजू पाहत आहे. तो दूर व्हावा, एवढ्याच हेतूने आजचा विषय निवडला आहे.

वेबपृष्ठ ज्या भाषेत लिहितात तिचे नाव एचटीएमएल. टिम बर्नर्स-ली या इंग्रज शास्त्रज्ञाने जिनिव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत १९८९ साली वेबची योजना मांडली आणि तिच्यासाठी पुढे ही भाषा रचली. या भाषेत मजकुराच्या प्रत्येक भागास खुणा करून त्याचे नाव सांगावयाचे असते: हे शीर्षक, हा परिच्छेद, ही यादी. खुणेस टॅग म्हणतात आणि असे नाव मिळालेल्या भागास घटक. रंग, आकार, अंतर यांची व्यवस्था सीएसएस ही निराळी भाषा पाहते. तिची पहिली आवृत्ती डिसेंबर १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली. एकीने अर्थ सांगावा व दुसरीने रूप द्यावे, अशी ही कामाची वाटणी आहे.

आता घटकांचे प्रकार पाहू. रूप देणाऱ्याच्या दृष्टीने तीन गट ध्यानात ठेवले म्हणजे पुष्कळसे कोडे उलगडते.

पहिला गट ब्लॉक घटकांचा. परिच्छेदाचा 'पी', शीर्षकांचे 'एच-१' ते 'एच-६', यादीचा 'यूएल' आणि सर्वसाधारण पेटीसारखा 'डिव्ह' हे त्यांतील प्रमुख होत. असा घटक नव्या ओळीवर सुरू होतो आणि आडवी मिळेल तेवढी जागा व्यापतो. त्याला रुंदी, उंची व चारही बाजूंनी समास देता येतो. आपण फळ्यावर परिच्छेद लिहून त्याभोवती चौकट आखतो, तद्वत् हा प्रकार आहे.

दुसरा गट इनलाइन घटकांचा. महत्त्व दर्शविणारा 'स्ट्राँग', आघात दर्शविणारा 'ईएम', दुवा देणारा 'ए' आणि स्वतःचा अर्थ नसलेला 'स्पॅन' हे या गटात येतात. हे घटक वाक्यातील शब्दांप्रमाणे ओळीतच राहतात व ओळ संपली की पुढील ओळीवर वळतात. म्हणून त्यांना दिलेली रुंदी वा उंची लागू होत नाही, आणि वर-खाली दिलेल्या समासाने ओळी परस्परांपासून दूर सरकत नाहीत. "स्पॅनला रुंदी दिली, परंतु काहीच झाले नाही," ही नवशिक्याची तक्रार येथे उगम पावते. दोष सीएसएसचा नसतो. घटकाची जात ओळखली गेलेली नसते.

तिसरा गट चित्रासारख्या घटकांचा. 'आयएमजी' हा ओळीत बसतो, तरीही त्याला रुंदी व उंची लागू होतात. कारण त्याच्या जागी बाहेरचे चित्र येऊन बसते आणि त्या चित्रास स्वतःचे आकारमान असते. हा घटक रिकामा असतो. त्याच्या पोटात मजकूर ठेवता येत नाही. म्हणूनच चित्राचे वर्णन 'ऑल्ट' या गुणविशेषात लिहावे लागते.

येथे कोणी विचारील की, सीएसएसमधील 'डिस्प्ले' या गुणाने स्पॅनला ब्लॉकसारखे करता येते, मग हे भेद कशाला शिकावयाचे? शंका योग्य आहे. 'डिस्प्ले'ने बदलते ते केवळ रूप. कोणता घटक कोणाच्या पोटात राहू शकतो, याचे नियम एचटीएमएलचे आहेत व ते तसेच राहतात. उदाहरणार्थ, परिच्छेदाच्या पोटात यादी ठेवता येत नाही. 'पी' चालू असताना 'यूएल' आला की ब्राउझर तो परिच्छेद तेथेच बंद करतो. परिणामी परिच्छेदाला दिलेला रंग यादीपर्यंत पोचत नाही आणि लिहिणारा बुचकळ्यात पडतो. १९९७ च्या एचटीएमएल ४ मध्ये ब्लॉक व इनलाइन हे भेद भाषेचेच मानले जात. २०१४ च्या एचटीएमएल ५ मध्ये त्यांच्या जागी घटकाच्या आशयावरून वर्ग पाडलेले आहेत: शीर्षकाचा वर्ग, वाक्यांतर्गत मजकुराचा वर्ग, बाहेरून आणलेल्या चित्र-ध्वनींचा वर्ग, वाचकाने हाताळावयाच्या वस्तूंचा वर्ग, इत्यादी. भाषेने अर्थाचे काम स्वतःकडे ठेवून रूपाचे काम पूर्णतः सीएसएसकडे सोपविले, असा याचा आशय.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. समजा, एका शिक्षिकेने स्वाध्यायाच्या पानावर प्रत्येक धड्याचे नाव 'स्पॅन'मध्ये लिहिले व सीएसएसने ते ठळक आणि मोठे केले. दुसऱ्या शिक्षकाने तेच नाव 'एच-२'मध्ये लिहिले. डोळस विद्यार्थ्याला दोन्ही पाने सारखीच दिसतील. परंतु अंध विद्यार्थी पान ऐकतो. एनव्हीडीए हे संगणकावरील विनामूल्य वाचनसाधन 'एच' ही कळ दाबताच पुढील शीर्षकावर नेते व शीर्षकाची पातळीही सांगते. दुसऱ्या पानावर हा विद्यार्थी काही क्षणांत सातव्या धड्याशी पोचेल. पहिल्या पानावर त्या साधनाला एकही शीर्षक सापडणार नाही. त्याला सारा मजकूर आरंभापासून ऐकत बसावे लागेल. फळ्यावरील अक्षर शेवटच्या बाकावरून दिसते की नाही, हे आपण मागे जाऊन पाहतो. ही काळजीही त्याच जातीची आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अन्वये ती कायद्यानेही अपेक्षिलेली आहे.

याच्या उलट चूकही होते. अक्षर लहान हवे म्हणून 'एच-२' सोडून एकदम 'एच-५' वापरतात. शीर्षकाची पातळी ही आशयाच्या क्रमाने ठरवावी; आकार सीएसएसने बदलावा.

मराठी पानांसाठी आणखी दोन गोष्टी. 'ईएम'मधील मजकूर ब्राउझर सहसा तिरपा दाखवितो. देवनागरीत तिरप्या अक्षरांची जुनी परंपरा नाही आणि मुलांना ती वाचावयास कठीण जातात. अशा वेळी टॅग तोच ठेवावा व सीएसएसने तिरपेपणा काढून ठळकपणा किंवा रंग द्यावा. तसेच पानाच्या आरंभी 'लँग' या गुणविशेषात मराठीची 'एमआर' ही खूण अवश्य घालावी, म्हणजे मजकूर मराठीत आहे हे वाचनसाधनास कळते.

बंधुभगिनींनो, पान पुरे झाले की दोन परीक्षा घ्याव्यात. प्रथम सीएसएस काढून ते पाहावे. शीर्षके, परिच्छेद व याद्या तरीही वेगळ्या ओळखू आल्या पाहिजेत. नंतर अँड्रॉइड फोनवरील टॉकबॅक सुरू करून, डोळे मिटून ते ऐकावे व हवा तो धडा सापडतो का, हे अजमावावे. पुढील परिषदेस प्रत्येक शाळेने आपले एक पान या दोन कसोट्यांवर तपासून आणावे, अशी माझी विनंती आहे.